केनियाला निघण्यापूर्वी



बंधू-भगिनींनो, परदेशची नोकरी म्हटली की आपल्या वस्तीत आजवर दुबई, मस्कत, कुवेत हीच नावे निघत. आता नैरोबी आणि मोंबासा हीही नावे कानी पडू लागली आहेत. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी, कारखान्यातील सुपरवायझर अशा कामांसाठी कुणाचा मुलगा केनियाला निघतो, तर कुणाची मुलगी नवऱ्यामागे संसार थाटायला निघते. निरोप देताना शेजारीपाजारी एकच विचारतात, "आफ्रिकेत? तिथे सिंह असतात ना? तिथले लोक लुटतात ना?"

आमचे म्हणणे असे की सिंहाची काळजी सोडून द्या. केनियाला जाणाऱ्या गरीब माणसाला सर्वात मोठा धोका निघण्याआधी, इथेच भेटतो. चार गोड शब्द बोलून तो आपल्याच घरात चहा पिऊन जातो. म्हणून आरंभ त्याच्यापासूनच करू.

ज्याचे शिक्षण दहावीच्या आत आहे त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. आखाती देश, मलेशिया, आफ्रिकेतील लिबिया, सुदान अशा ठरावीक देशांत अशा माणसाला नोकरीसाठी जायचे असेल, तर सरकारी मंजुरी लागते आणि त्या वेळी करारपत्र पाहिले जाते. केनिया या यादीत नाही. एजंट हीच गोष्ट आनंदाची बातमी म्हणून सांगतो : "काही भानगड नाही, सरळ विमानात बसायचे." परंतु याचा खरा अर्थ असा की तुमचा करार सरकारच्या नजरेखालून जाणारच नाही. तो तुम्हालाच वाचावा लागेल.

दुसरी फसवणूक व्हिसाची. जानेवारी २०२४ पासून केनियाने पाहुण्यांसाठी व्हिसाऐवजी 'ईटीए' नावाची ऑनलाइन परवानगी सुरू केली. ती भेटीसाठी असते, नोकरीसाठी नव्हे. कामासाठी केनिया सरकारचे वर्क परमिट लागते. "आधी ईटीएवर जा, परमिट तिकडे करून देतो," असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबा. परमिटाविना काम करणारा माणूस तिथे गुन्हेगार ठरतो. मग मालकाने पगार बुडवला तरी पोलिसांकडे जाण्याची त्याला भीती वाटते, आणि मालकाला हवे असते ते हेच.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. दीड-दोन लाख मागणाऱ्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी हा आकडा आठवावा आणि पैशाची पावती मागावी. पावती देत नाही तो एजंट नव्हे.

आयाबहिणींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. नाचगाण्याच्या कार्यक्रमांच्या नावाखाली भारत व नेपाळमधील गरीब मुलींना केनियात नेऊन मुजरा बारमध्ये अडकवल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. या मुलींचे पासपोर्ट काढून घेतले जात. एखादी ओळखीची बाईच असा प्रस्ताव घेऊन आली, तरी सावध राहा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो ठेवून घेण्याचा अधिकार मालकाला नाही आणि एजंटालाही नाही.

आता प्रकृतीविषयी. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाची लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि २०१६ पासून ते जन्मभर चालते. गरोदर स्त्री, नऊ महिन्यांच्या आतले बाळ, अंड्याची ॲलर्जी असलेला माणूस यांच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

मलेरियाचा धोका मोंबासाच्या किनाऱ्यावर व व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला जास्त असतो. नैरोबी उंचावर असल्याने तिथे तो कमी. तिकडचा मलेरिया बहुधा मेंदूपर्यंत जाऊ शकणारा असतो. मच्छरदाणीत झोपावे आणि प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. परत आल्यावर काही महिन्यांतही ताप आला, तर "मी केनियात होतो" हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे. या एका वाक्याने जीव वाचतो.

सामान बांधताना आपल्या घरी सवय असते, चटणी एका कॅरीबॅगेत, चपला दुसऱ्या. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि शिक्षा कडक आहे. कापडी पिशव्या शिवून द्या. दुसऱ्याचे बंद पाकीट जाताना वा येताना घेऊ नका. तिकडे 'मीरा' नावाची पाने चघळण्यासाठी उघड विकली जातात. भारतात ती अमली पदार्थांत मोडतात. हस्तिदंताची वस्तू तर हातातही धरू नये.

शहरात वावरताना मुंबईच्या लोकलमध्ये पाळतो तीच शिस्त पाळावी. मोबाइल हातात नाचवू नये, सोने घरी ठेवावे, अंधार पडल्यावर एकट्याने पायी फिरू नये. 'मटाटू' म्हणजे तिकडची वडापची गाडी. तिच्यात खिसा सांभाळावा आणि भाडे आधी विचारावे. 'बोडा-बोडा' ही मोटारसायकल टॅक्सी, तिच्यावर हेल्मेटशिवाय बसू नये. नैरोबी ते मोंबासा रात्रीच्या बसपेक्षा २०१७ साली सुरू झालेली रेल्वे बरी. पोलीस, लष्कर, विमानतळ यांचे फोटो काढू नयेत. संकटात ९९९ किंवा ११२ हा नंबर लावावा.

दहशतवादाचे दुःख त्या देशाने फार सोसले आहे. १९९८ साली नैरोबीत अमेरिकन दूतावासाबाहेर स्फोट झाला, २०१३ साली वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, २०१५ साली गारिसाच्या विद्यापीठात १४८ जणांची हत्या झाली. मेलेल्यांत बहुसंख्य केनियाचेच लोक होते. सोमालियाच्या सीमेलगतचे गारिसा, वाजीर, मंडेरा हे भाग आणि लामूचा सीमेकडील प्रदेश टाळावा. तिथे दर पाच वर्षांनी निवडणूक होते. २००७ च्या निवडणुकीनंतर हजारावर माणसे मारली गेली. २०२४ च्या जून महिन्यात करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर आले आणि गोळीबार झाला. अशा दिवसांत मोर्चा बघायला जाऊ नये, घरात चार दिवसांचे धान्य-पाणी ठेवावे.

हे सारे सांगितले ते तो देश वाईट म्हणून नव्हे. माणसाच्या रंगावरून त्याला चोर ठरवणे हा प्रकार आपण जन्मावरून चांगलाच ओळखतो. २०१७ साली ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, तीही अशाच संशयापोटी. बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केले. मग आपणच तिकडे जाऊन एखाद्याला 'हबशी' म्हणून तोंड वाकडे केले, तर आपण कोणत्या तोंडाने जय भीम म्हणणार? कामावरच्या केनियन मजुराशी एका ताटात जेवणारा माणूस तिथे एकटा पडत नाही. अडचणीच्या रात्री दार उघडतो तो तोच. 'आसांते' म्हणजे आभार, 'हापाना' म्हणजे नाही, 'निसाइदिए' म्हणजे मला मदत करा. एवढे तरी पाठ करावे. 'चपाती' आणि 'गारी' हे शब्द तर त्यांच्या भाषेत आपल्याकडूनच गेले आहेत.

ते गेले ते मजुरांबरोबर आणि व्यापाऱ्यांबरोबर. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार हिंदी मजूर नेले होते. त्यांतील अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. करारावर अंगठा उठवून गेलेल्या त्या माणसांना पाठीशी कुणी नव्हते. आपल्या मुलांना आहे, पण त्यासाठी कागद तयार हवा.

तेव्हा घरच्यांनी एवढे करावे. पासपोर्ट, वर्क परमिट, करारपत्र, लसीचे प्रमाणपत्र आणि तिकीट यांच्या दोन प्रती काढाव्यात. एक घरी, एक मुलाच्या पेटीत. मालकाचा पत्ता व फोन आईच्या वहीत असावा. नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालय व मोंबासातील सहायक उच्चायुक्तालय यांचे नंबर भिंतीवर लिहून ठेवावेत. तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' पोर्टल २०१५ पासून आहे. ती तक्रार घरूनही नोंदवता येते. आठवड्याचा एक दिवस ठरवावा. त्या दिवशी फोन आला नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू करावी, महिना वाट पाहू नये.

आणि करारपत्र सही करण्यापूर्वी रविवारी वंदनेनंतर विहारात आणावे. वस्तीतल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींनी ते सर्वांसमोर मराठीत वाचून दाखवावे : पगार किती, तास किती, जेवण-राहणे कोणाचे, परतीचे तिकीट कोण देणार. तथागतांनी स्वतःच स्वतःचा दिवा होण्यास सांगितले. एजंट "घाई आहे, आजच सही हवी" म्हणाला, तर त्याला सांगावे, रविवारपर्यंत थांब. जो थांबत नाही, त्याच्याबरोबर आपले लेकरू पाठवू नये.

जय भीम. नमो बुद्धाय.