काचेची इमारत आणि सोलापुरी चादर

नव्या इमारतीचं उद्घाटन जानेवारीत करायला कायद्यानं बंदी पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते, हवा गोड असते. गोठ्याचं उद्घाटन केलं तरी पाहुणे म्हणतात, "वा, काय वारा आहे!"

मी गेलो मे महिन्यात. भाचीच्या प्रवेशासाठी, गावाबाहेरच्या एका नव्या कॉलेजात. (नाव सांगत नाही, पोरीला तिथं शिकायचं आहे.) दुपारचे तीन, बाहेर 43 अंश, समोर चार मजले नुसती काच. आत वीज गेलेली. मी खिडकीला हात घातला.

"उघडत न्हाई ओ सायेब ती. पॅक हाय," शिपाई म्हणाला.

"मग ही धूळ कुठून येते?"

त्यानं बोट दाखवलं. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढी फट होती, आणि तिच्यात सोलापुरी चादरीची पट्टी कोंबलेली. म्हणजे वारा हवा तेव्हा खिडकी पॅक, आणि फुफाट्याला मात्र मुक्तद्वार!

हवाबंद इमारतीशी माझं भांडण नाही. जर्मनीत डार्मश्टाटला 1991 साली लोक अशा घरात राहायला गेले. तिथला नियम असा की दारात पंखा बसवून 50 पास्कल दाबाचा फरक करायचा, आणि तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा फटींतून जाता कामा नये. शिवाय ताजी हवा खेळवायला वेगळं यंत्र. आपण त्यातली काच तेवढी आणली. यंत्र आणि तपासणी वाटेत कुठंतरी उतरली.

खरं तर जर्मनीला जायचंही कारण नव्हतं. आमच्या आजोळी, मंगळवेढ्याच्या बाजूला, माळवदाचं घर होतं. दोन हात जाड भिंती, वर धाब्याची माती, खिडक्या जेमतेम मांजर जाईल एवढ्या. आजी सकाळी नऊला सगळं लावून घ्यायची आणि दिवस मावळला की उघडायची. आजोबा दरवर्षी पावसाआधी धाब्यावर नवी पांढरी माती टाकायचे. हे दुसरं महत्त्वाचं. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया तो हिशेब धरून घेतला नाही की भिंत तडकते, आणि प्रत्येक तडा म्हणजे नकाशात नसलेली खिडकी. पण उद्घाटनाच्या हारांना पैसे असतात, तडे बुजवायला 'हेड' नसतं.

बी. कॉम. झाल्यामुळं मला एवढं कळतं की इन्कमटॅक्सच्या नियमात अशा इमारतीला वर्षाला 10 टक्के घसारा मिळतो, तोही उरलेल्या किमतीवर. त्यामुळं वहीत ती कधीच शून्य होत नाही. जमिनीवर होते.

आम्ही बँकेत दोन हजारांच्या चेकवरची सही तीनदा जुळवतो. मग कोट्यवधींचं शेवटचं बिल नुसता रंग बघून का पास व्हावं? उद्घाटन मे महिन्यात, दुपारी तीनला ठेवा. प्रमुख पाहुण्यांना कोटासकट आत बसवा, वीज बंद करा. मग दारात हवा बाहेर फेकणारा पंखा लावा (त्याच्यापुरती वीज द्या) आणि चौकटीचौकटीशी उदबत्ती धरा. धूर हलला की बिल थांबलं. कंत्राटदाराची अनामत एक पावसाळा गेल्यावर, भिंती बघून द्या.

भाचीला प्रवेश मिळाला. पावतीबरोबर वसतिगृहात आणायच्या सामानाची यादी आली: बादली, मग, कुलूप, चादरी दोन.

मी तीन बांधून दिल्या.