टोक्याच्या पुलापलीकडे

यंदाच्या जुलैत एका संध्याकाळी आमच्या गल्लीतला एक गृहस्थ मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मुलगी हुशार. कॅप राउंडमध्ये तिला छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती. पेढे आणले होते, पण पुडा बराच वेळ बापाच्या हातातच राहिला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही तिकडं शिकलात, बँकेची नोकरीही तिकडंच केलीत. पोरीला पाठवावं का? हिची आई म्हणते, तिथं दंगली होतात."

मी फार विचार न करता "पाठव" म्हणालो. पुडा उघडला गेला, चहा झाला, मंडळी गेली. रात्री मात्र झोप लागेना. पाठव म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार, असं वाटत राहिलं. कारण एकेकाळी मी स्वतः तिथून पळून आलो होतो.

१९७८ साली संगमनेरला बी.ए. करून मी मराठवाडा विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. आमच्या अकोल्याच्या मुलांची वाट खरी पुण्याची. पण पुण्यात राहायची सोय नव्हती आणि औरंगाबादला लांबचे एक मामा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते, एवढ्या आधारावर मी एस.टी.त बसलो. ती वाट मला अजून पाठ आहे. आमच्या रतनगडावर उगम पावणारी प्रवरा संगमनेरला भेटते, मग नेवाशाला भेटते आणि टोक्याला गोदावरीत मिळते. तिथला पूल ओलांडला की नगर जिल्हा संपतो, मराठवाडा सुरू होतो. वीस वर्षांच्या पोराला त्या पुलावर उगाचच पोरकं वाटलं होतं. ज्या नदीत आपण पोहायला शिकलो ती इथं संपली, पुढचं पाणी आपलं नाही, असं काहीतरी.

एका खासगी वसतिगृहात जागा मिळाली. एका खोलीत तिघं. माझ्या शेजारच्या खाटेवर परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला बौद्ध मुलगा होता. त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी आणि दोन पायजमे होते, आणि अक्षर छापल्यासारखं. तो मला समाजशास्त्र शिकवायचा, मी त्याला आकडेमोड. मेसच्या वरणाला आम्ही दोघांनी मिळून 'प्रवरा' नाव ठेवलं होतं, तळ दिसायचा म्हणून.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि पुढच्या काही दिवसांत मराठवाडा पेटला. गाड्या अडल्या, पूल तोडले गेले आणि खेड्यापाड्यांत दलितांची घरं जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जीव गमवावा लागला. ज्यांनी कधी विद्यापीठाची पायरी चढली नव्हती त्यांच्या झोपड्या विद्यापीठाच्या नावावरून गेल्या. ही गोष्ट तेव्हा मला कळली नाही. पुढं बरीच वर्षं लागली.

आठवडाभरानं माझे वडील वसतिगृहाच्या दारात उभे. वर्तमानपत्र वाचून निघाले होते, मिळेल त्या वाहनानं, मधे काही अंतर पायी. "चल घरी," एवढंच म्हणाले. मी वळकटी बांधली. शेजारच्या खाटेवर तो बसला होता. त्याला घेऊन जायला कुणी येणार नव्हतं, कारण गाव पेटलेलं त्याचंच होतं. आमच्याकडे चल, अकोल्याला, असं मी म्हणू शकलो असतो. जिभेवर आलंही होतं. वडील काय म्हणतील, गल्लीत काय म्हणतील, आई ताट कुठं मांडेल, एवढ्या हिशोबात ते तसंच राहिलं. महिन्यानं परतलो तेव्हा खाट रिकामी होती, पेटीही नव्हती. मी चौकशी केली, पण किती? एकदा रेक्टरला विचारलं, इतकीच.

या घटनेला धार्मिक तणाव म्हणायचं की जातीय, असा प्रश्न कुणी विचारील. तो मुलगा बौद्ध होता आणि ज्यांनी त्याचं गाव जाळलं ते स्वतःला हिंदू म्हणवत होते. पण जाळलं ते धम्म न पटल्यामुळे नव्हे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. असो.

आपल्या माणसांना त्या शहराची भीती वाटते ती मुख्यतः हिंदू-मुस्लीम दंगलींमुळे. ही भीती निराधार नाही. मुळात तो भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांनी केलेले अत्याचार घरोघर सांगितले जातात. पोलीस कारवाईनंतर त्याच मुलखात मुसलमानांवर काय गुदरलं, त्याची पाहणी पंडित सुंदरलाल समितीनं केली होती. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. म्हणजे एका घरात अर्धी गोष्ट सांगितली जाते आणि पलीकडच्या घरात उरलेली अर्धी. दोन अर्ध्या गोष्टी घेऊन मुलं मोठी होतात आणि एकाच शहरात राहतात.

१९८६ साली बँकेनं माझी बदली औरंगाबादला, जुन्या शहरातल्या एका शाखेत केली. महापालिकेची पहिली निवडणूक १९८८ च्या एप्रिलमध्ये झाली आणि मे महिन्यात दंगल उसळली. संचारबंदी सुटल्यावर पहिल्या दिवशी आम्ही शाखेचं शटर वर केलं तेव्हा रस्त्यावर जळक्या कापडाचा वास होता. दंगलीचं वर्णन मी करणार नाही, ते अनेकांनी केलंय. बँकेच्या टेबलामागून जे दिसलं तेवढं सांगतो, कारण ते सहसा कुणी सांगत नाही.

आमच्याकडे छोट्या धंद्याच्या कर्जाला जामीनदार लागायचा. दंगलीपूर्वीच्या फायली काढल्या तर कर्जदार मुसलमान शिंपी आणि जामीनदार मारवाडी कापडवाला, कर्जदार मराठा लाकूडवाला आणि जामीनदार सुतारकाम करणारा पठाण, अशा सह्या सर्रास सापडायच्या. त्यात बंधुभावापेक्षा व्यवहार जास्त होता. माल उधारीवर ज्याला द्यायचा, त्याचा धंदा चालला तरच आपले पैसे येणार. दंगलीनंतरच्या फायलींत अशा सह्या मला कमी दिसू लागल्या. जुने जामीनदार येऊन हळूच विचारायचे, "साहेब, माझं नाव काढता येईल का?" कारण विचारलं की नजर चुकवायचे. मग घरांसाठी कर्जाचे अर्ज येऊ लागले. जुनं घर विकून 'आपल्या' वस्तीत घ्यायचं. हिंदू या बाजूला, मुसलमान त्या बाजूला. अर्जात कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असायचं : जागा अपुरी पडते. मी सही करायचो. नियमात बसत होतं.

दंगल चार दिवसांत संपते. ही वाटणी मात्र व्याजासारखी चढत जाते. वस्ती वेगळी झाली की शाळा वेगळी होते, किराणा वेगळा होतो आणि एक दिवस असा येतो की अठरा वर्षांच्या मुलानं पलीकडच्या घरातला चहा कधी प्यालेलाच नसतो. त्याला पलीकडच्यांबद्दल जे ठाऊक असतं ते सगळं मोबाइलवर आलेलं असतं. २०१८ च्या मे महिन्यात शहागंज, राजाबाजार भागात दुकानं जळाली, दोन माणसं गेली. २०२३ साली रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या जळाल्या. दोन्ही वेळा पेटलं ते जुन्या शहरात. विद्यापीठ तिथून फार लांब नाही. मकाई दरवाज्यातून बाहेर पडलं, बेगमपुरा ओलांडला की आलंच. पण दंगलीची वाट तिकडं सहसा वळली नाही, हेही खरं आहे. दंगलीला मोहल्ला लागतो, मिरवणुकीचा रस्ता लागतो, जाळायला दुकान लागतं.

म्हणून मुलीच्या आईला मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, की वहिनी, दंगलीची भीती धरू नका असं मी म्हणत नाही, पण ती एकट्या त्या शहराशी जोडू नका. आपला जिल्हा कुठं सोवळा आहे? पोरगी ज्या नेवासा तालुक्यातून जाणार, त्याच तालुक्यात सोनईला २०१३ च्या जानेवारीत तीन दलित तरुणांना ठार मारलं. २०१४ साली जामखेडच्या खर्ड्यात शाळेत जाणाऱ्या दलित मुलाचा जीव घेतला. २०२३ च्या मे महिन्यात शेवगावला मिरवणुकीत दगडफेक झाली. औरंगजेबाची कबर खुलताबादेत, पण तिच्यावरून २०२५ च्या मार्चमध्ये संचारबंदी लागली ती नागपुरात. आणि पुण्याला पोरं पाठवताना आपल्याला कधी भीती वाटली का? २०१४ च्या जूनमध्ये, फेसबुकवरच्या मजकुरावरून तापलेल्या पुण्यात, सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका मुस्लीम तरुणाला हडपसर भागात जमावानं मारून टाकलं. मजकुराशी त्याचा संबंध नव्हता. दाढी होती आणि टोपी होती. २०२३ साली त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर अकोल्यातल्या एकाही आईनं मला विचारलं नाही, की पुणं सुरक्षित आहे का.

वहिनी ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे कुठंच धाडू नको म्हणा की!"

मी निरुत्तर झालो. माझ्या युक्तिवादाचा तोही एक अर्थ होत होता. बायकांना असे अर्थ चटकन दिसतात.

मग मी त्यांना नागसेनवनाबद्दल सांगितलं. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला कॉलेज काढलं, ते मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती म्हणून. पुढं त्याला मिलिंद हे नाव दिलं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा, नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. मिलिंद परका, परधर्माचा आणि वर राजा. नागसेनानं त्याला आधी विचारलं होतं, की वाद पंडितासारखा घालणार की राजासारखा? राजाशी मतभेद झाला तर तो दंड करतो, पंडित रागावत नाही. जिथं गावात विहीर मिळत नव्हती अशा मुलांसाठी काढलेल्या कॉलेजला बाबासाहेबांनी दोन भिन्न माणसांच्या बोलण्याचं नाव दिलं. विद्यापीठ त्यानंतर, १९५८ साली आलं, आणि त्यावर बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ठरावानंतर सोळा वर्षं. आज तिथं रोज हजारो मुलं त्या कमानीखालून जातात आणि बहुतेकांना त्यासाठी काय मोजावं लागलं ते माहीत नसतं. एका परीनं बरं आहे. एका परीनं नाही.

वहिनींचा खरा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. खोलीत कोण असेल? कुठल्या समाजाची? मेसमध्ये काय शिजतं? आपल्यात हे प्रश्न दंगलीच्या आडून विचारले जातात. मी म्हणालो, वसतिगृहाच्या बाईंना भेटा, रात्री दार किती वाजता बंद होतं ते विचारा, आजारी पडली तर कोण नेतं ते विचारा. २०१८ मध्ये शहरात इंटरनेट बंद केलं होतं, तेव्हा साध्या फोनवर लागतील असे दोन-तीन नंबर वहीत लिहून ठेवा. कॉलेजच्या ग्रुपवर काही आलं तर पुढं न पाठवण्याची शपथ घ्यायला लावा, हवी तर अगस्ती ऋषींची. पण खोलीत कोण असेल ते विचारू नका. जी असेल ती असू दे. पोरगी इतका वेळ गप्प होती, ती हसली.

२०२४ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी सरकारनं माफ केली आहे. त्यामुळे राजूर, कोतूळ, समशेरपूरकडच्या घरांतूनही मुली बाहेर पडायची हिंमत करू लागल्यात. फी माफ होते, खोलीभाडं होत नाही. आणि खोली मिळणं ही पैशांचीच गोष्ट नाही, ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

ती मुलगी गेली. बापानं तिकीट दाखवलं तेव्हा गंमत वाटली. अहिल्यानगर जिल्ह्यातून छत्रपती संभाजीनगरला. दोन्ही टोकांची नावं माझ्या देखत बदलली, एकाचं २०२३ साली, दुसऱ्याचं २०२४ साली. मधली प्रवरा तेवढी होती तशी आहे.

त्यानंतर आमचा शिंपी आला. माझे बँकेतले सफारी यानंच शिवलेले. मुसलमान, तीन पिढ्या अकोल्यात. त्याच्या मुलाला पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. "साहेब, खोलीचं बघा की. पोरगं फोन करतंय, समोरचा भाडं सांगतो, डिपॉझिट सांगतो, मग नाव विचारतो. नाव सांगितलं की म्हणतो, कालच गेली खोली."

मी म्हटलं, बघतो. पुण्यात माझे बँकेतले सहकारी निवृत्त होऊन राहिलेत, एकेकाचे दोन-दोन फ्लॅट. पहिला म्हणाला, माझं काही नाही रे, सोसायटीचा प्रश्न येतो. दुसरा म्हणाला, फक्त शाकाहारी. मी म्हटलं, मुलगा अंडीही सोडील. तो हसला आणि मुलाबाळांची विचारपूस करू लागला. दोघंही सज्जन आहेत, १९८८ च्या संचारबंदीत मुसलमान शिपायाला स्वतःच्या स्कूटरवर बसवून घरी सोडणारा यांतलाच एक. मी त्यांच्यावर चिडलो नाही. माझ्या गावात, माझ्या घरात, माडीवरची एक खोली बारा वर्षं रिकामी आहे आणि अकोल्यात शिकायला येणारी आदिवासी मुलं भाड्यानं खोल्या शोधत हिंडतात, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

शिंप्याचा मुलगा सध्या पुण्यात एका नातेवाइकाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतो. तिथून कॉलेजला बसनं दीड तास लागतो. परवा मी आणखी एका जुन्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "आहे ना खोली, पाठव." मग थोडं थांबून म्हणाला, "नाव काय मुलाचं?"

मी सांगितलं. संध्याकाळी कळवतो म्हणाला. तीन दिवस झाले.