तिचा दुसरा प्रयत्न



डिसेंबर संपता संपता कॅटचा निकाल लागतो आणि आपल्या बऱ्याच घरांत एक ठरलेलं बोलणं होतं. मुलाला कमी पर्सेंटाइल आलं की म्हणतात, "पुढच्या वर्षी नीट तयारी कर." मुलीला कमी आलं की म्हणतात, "एकदा बसलीस ना, हौस झाली, आता पुढचं बघू." पुढचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. बायोडेटा टाइप करून तयारच असतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलीला दुसरी संधी मिळालीच पाहिजे. पण नुसतं "बस पुन्हा" म्हणून भागत नाही. पहिल्या वेळी गुण कुठे गेले, ते शोधावं लागतं आणि अभ्यासाचे तास तिला घरातून काढून द्यावे लागतात. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर दुसरं वर्षही पहिल्यासारखंच जातं, आणि मग घरातले म्हणायला मोकळे, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?"

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण इथेच बरेच गैरसमज होतात. माझ्या जाऊबाईंनी मुलीचा निकाल पाहिला आणि डोळ्यांत पाणी आणलं. "दहावीला ९४ टक्के पडले होते हो, आता ७८ वर आली." पण हे ७८ म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभर मुलांपैकी ७८ जण तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. २०२४ साली सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी कॅट दिली. त्यात ७८ पर्सेंटाइल म्हणजे साधारण ६४ हजार मुलं पुढे. आयआयएमच्या दृष्टीने हे पुरेसं नाही, ही गोष्ट खरी. पण दहावीची हुशार मुलगी एकाएकी मठ्ठ झाली, असाही त्याचा अर्थ होत नाही. दहावीला ती सगळ्यांबरोबर बसली होती, इथे ती निवडक पदवीधरांबरोबर बसली.

दुसरं बोलणं आपल्यात हमखास ऐकू येतं, "अंतराय कर्म आडवं आलं." मी शास्त्राची जाणकार नाही, पण इतकं ऐकलेलं आहे की आपल्या धर्मात पुरुषार्थाला मोठं स्थान आहे. आणि प्रतिक्रमण करताना आपण "माझं सगळंच चुकलं" असं म्हणून उठत नाही. एकेक दोष आठवतो, त्याचं नाव घेतो. निकालाचंही तसंच करायला हवं.

मी शिवाजी विद्यापीठाची जुनी बी.कॉम. नोकरी केली नाही, पण घरच्या दुकानाच्या वह्या बरीच वर्षं लिहिल्या. रोकड जुळली नाही तर वही फेकून देत नाही कुणी. व्हाउचर काढून बसतो, फरक कुठे पडला ते शोधतो. पुतणीच्या बाबतीत मी तेच सुचवलं. कॅटमध्ये निकालाच्या आधी प्रत्येक उमेदवाराला आपली उत्तरं आणि बरोबर उत्तरं दोन्ही संकेतस्थळावर पाहायला मिळतात. ती काढून ठेवायची असतात. बरीच मुलं फक्त बेरीज बघतात आणि रडत बसतात. आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरून बसलो.

हिशेब असा निघाला. २०२४ च्या पेपरात ६८ प्रश्न होते, २०४ गुणांचे. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ गुण वजा. काही प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकलं तरी वजा होत नाही. आमच्या मुलीने ४१ प्रश्न सोडवले होते. २० बरोबर, २१ चूक. चुकांपैकी ३ टाइप करायचे होते, म्हणून वजा झाले १८. साठातून अठरा गेले, उरले ४२.

मग आम्ही २१ चुकांच्या तीन याद्या केल्या. पहिली, विषयच येत नव्हता, असे ७. त्यातच ते टाइप करायचे ३ होते. दुसरी, येत होतं पण घाईत आकडा चुकला किंवा प्रश्न नीट वाचला नाही, असे ६. तिसरी, हात लावायलाच नको होता, शेवटच्या मिनिटांत ठोकून दिले, असे ८.

आता बघा. दुसऱ्या यादीतले ६ बरोबर आले असते तर प्रत्येकी ४ गुणांचा फरक पडला असता, कारण वजा गेलेला एक वाचतो आणि तीन मिळतात. म्हणजे २४. तिसऱ्या यादीतले ८ सोडून दिले असते तर ८ वाचले असते. एकही नवीन धडा न शिकता ४२ चे ७४ झाले असते! कागदावरचा नफा सगळाच हाती येत नाही, हे दुकानदाराच्या घरात सांगायला नको. पण त्यातला निम्मा आला तरी मुलगी ५८ वर जाते. मुलीला वाटत होतं की तिला गणितच येत नाही. वहीने सांगितलं की तिला सोडून देता येत नाही.

तुक्क्याचंही गणित मांडून बघा. चार पर्यायांत डोळे मिटून चार वेळा उत्तर दिलं तर सरासरी एक बरोबर येतं, ३ गुण मिळतात, आणि तीन चुकतात, ३ गुण जातात. हाती शून्य, वर वेळ गेला तो वेगळाच. दोन पर्याय विचार करून खोडता आले आणि उरलेल्या दोनातून एक निवडला तर मात्र सरासरी एक गुणाचा फायदा आहे. म्हणून नियम सोपा ठेवला. काहीच खोडता येत नसेल तर पुढे जायचं.

पण आपल्या महाराष्ट्राची एमबीए सीईटी याच्या अगदी उलट आहे, हेही ध्यानात असू द्या. तिथे २०० प्रश्न, १५० मिनिटं, आणि चुकीला वजा काहीच नाही. एका प्रश्नाला ४५ सेकंद येतात. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणं म्हणजे रस्त्यावर पडलेला रुपया न उचलणं. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमच्या व्यवस्थापन संस्थेसाठी मुलं ही परीक्षा देतात. एकाच मुलीला दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर दोन वेगळ्या सवयी लावाव्या लागतात. दोन्हींचा सराव एकाच दिवशी करू नये, असं मला वाटतं.

सुधारणा कुठे करायची हेही यादीच सांगते. कॅटचे तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि एका विभागाचा वेळ दुसऱ्यात वापरता येत नाही. वरच्या संस्था प्रत्येक विभागात वेगळी किमान रेषा ठेवतात. म्हणून इंग्रजीत भरपूर आणि गणितात तळाला, असं चालत नाही. गणिताचा पाया बहुतेक शाळेचाच आहे. शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर, काळ-काम-वेग, थोडी बीजगणित-भूमिती. व्यापाऱ्याच्या मुलीने शेकडेवारीला घाबरायचं म्हणजे सुगरणीने फोडणीला घाबरण्यासारखं आहे. तर्काच्या विभागात चार-पाच संच येतात. पहिली पाच मिनिटं सगळे संच नुसते वाचून त्यातले दोन-तीन निवडायचे. आमची मुलगी पहिलाच संच धरून बसली होती आणि अर्धा वेळ त्यातच गेला होता. इंग्रजीला मात्र जवळचा रस्ता नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी रोज एक-दोन लांब लेख वाचायचे, सहा-आठ महिने. शब्दांच्या याद्या पाठ करून उतारे कळत नाहीत.

सराव परीक्षा किती द्याव्यात, असं विचारलं की मुलं तीस-चाळीस सांगतात. माझ्या मते पंधरा-वीस द्या, पण प्रत्येकीनंतर त्या तीन याद्या करा. दोन तासांच्या परीक्षेला चार तासांची तपासणी. न तपासलेली सराव परीक्षा म्हणजे न लिहिलेली उधारी. दिली हे आठवतं, वसूल काहीच होत नाही.

आता मुलीच्या हातातलं संपलं. पुढचं आपल्या हातातलं आहे.

कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे आपल्या पर्वाच्या दिवसांत. आणि शेवटचा महिना म्हणजे दिवाळी. साफसफाई, फराळ, निर्वाण लाडू, पाहुणे. घरात परीक्षेला बसलेला मुलगा असेल तर त्याच्या खोलीचं दार लावून घेतलं जातं. मुलगी असेल तर "एवढा चहा ठेव आणि मग बस" असं होतं. चहाला दहा मिनिटं लागतात हो, पण मोडलेली बैठक पुन्हा जमायला अर्धा तास जातो. आपण सामायिकाला ४८ मिनिटं बसतो तेव्हा कुणी हाक मारत नाही. तिचा एक विभाग ४० मिनिटांचा आहे. तेवढा मान त्या बैठकीलाही द्यायला काय हरकत आहे?

आमच्याकडे जाऊबाई आणि मी मिळून ठरवलं. सकाळी साडेपाच ते आठ तिला कुणी हाक मारायची नाही. दिवाळीचा फराळ त्या वर्षी निम्माच केला. कुणाचं काही अडलं नाही. स्थळांचे फोन आले तर भाऊजींनी "डिसेंबरनंतर बोलू" असं सांगायचं. शेवटचं कलम मान्य करून घ्यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण एकदा मान्य केल्यावर त्यांनी ते पाळलं.

अजून एक, जे क्लासमध्ये कुणी सांगणार नाही. ही परीक्षा तीन पाळ्यांत होते. अलीकडच्या वर्षांत त्या सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार अशा होत्या. शेवटची पाळी साडेसहाला संपते. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या आसपास होतो. ज्या मुली रात्रिभोजन करत नाहीत त्यांना दुपारी जेवून केंद्रावर जायचं आणि थेट दुसऱ्या दिवशी सकाळी खायचं, असा प्रसंग येतो. प्रवेशपत्रावर पाळी कळते. ती तिसरी असेल तर त्या आठवड्यात त्याच वेळेला सराव परीक्षा द्यायची, आणि पोटभर पण जड नसलेलं जेवण दोनच्या आत घ्यायचं. नियम पाळायचा तर तो तयारीने पाळावा, म्हणजे शेवटच्या विभागात डोकं दुखत नाही.

दुसऱ्या प्रयत्नाने सगळं मिळतंच असं मी म्हणणार नाही. दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही निवडीत धरले जातात आणि ते आता बदलत नाहीत. काही आयआयएम मुलींना आणि इंजिनिअर नसलेल्यांना निवडीत थोडे जास्त गुण देतात, हे आपल्या बी.कॉम. झालेल्या मुलींना बहुधा माहीतच नसतं. कॅट कितीदा द्यावी याला मर्यादा नाही, वयाचीही नाही. पण निकाल एकाच वर्षाच्या प्रवेशाला चालतो. म्हणून माझ्या मते दुसऱ्या वर्षी नुसतं घरी बसू नये. एखादी नोकरी, सीएकडे काम, काहीतरी सोबत असावं. अनुभवही मोजला जातो आणि मन ताळ्यावर राहतं. आमच्याच गल्लीतली एक मुलगी दुसऱ्यांदाही फारशी वर गेली नाही. तिने हिशेब प्रामाणिकपणे पाहिला आणि तिसऱ्यांदा बसायचं नाही असं स्वतः ठरवलं. आज ती सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात आहे आणि मजेत आहे. थांबायचं तिने ठरवलं, दुसऱ्या कुणी नाही.

आमच्या पुतणीला यंदा ९१ आले. मुलाखतीची दोन पत्रं आली आहेत. अहमदाबाद नाही, कोलकाता नाही, पण तिच्या यादीतली आहेत. परवा भाऊजी तिला विचारत होते, "मुलाखतीला साडी नेसायची की ड्रेस?" मागच्या वर्षी हेच भाऊजी बायोडेट्यासाठी साडीतला फोटो मागत होते.

तुमच्या घरात या महिन्यात कुणा मुलीचा निकाल लागला असेल आणि ती गप्प बसली असेल, तर तिला "जाऊ दे" म्हणू नका. उत्तरांचा कागद मागून घ्या आणि तिच्या शेजारी पेन घेऊन बसा. गणित तुम्हाला येत नसलं तरी याद्या करता येतात. आणि उद्या सकाळचा चहा तुम्हीच ठेवा.