पिंजऱ्याचा परवाना

अंगणातल्या आंब्यावरचा राघू धरून पिंजऱ्यात घातला, तर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आफ्रिकेतला करडा पोपट शहरातल्या दिवाणखान्यात राजरोस शीळ घालीत बसतो. राघू तेवढा रानचा, आणि हा काय पिंजऱ्यातच उगवला?

१९७२ च्या या कायद्याची नजर मुख्यतः देशी जीवांवर होती. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला लगाम घालणाऱ्या 'सायटीस' करारात भारत १९७६ साली सामील झाला खरा. पण परदेशी प्राणी एकदा सीमेच्या आत आला की त्याच्या धन्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. २०२० च्या जूनमध्ये सरकारने सांगितले, सहा महिन्यांत आपण होऊन माहिती द्या, कागदपत्रे मागणार नाही! पुढे २०२२ ची दुरुस्ती आली, आणि २०२४ च्या नियमांनी करारातील प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली.

कोणी म्हणतील, अभय दिले नसते तर पुढे आले कोण असते? कबूल. पण चोरीच्या मालाची यादी केली म्हणून तो माल साव होत नाही. घाना देशात १९९० नंतरच्या पंचवीसेक वर्षांत या करड्या पोपटांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. पाळण्यासाठी होणारी धरपकड आणि जंगलतोड ही त्याची कारणे. म्हणूनच २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेने रानातून धरलेल्या या पोपटांचा व्यापार बंद केला. त्या रिकाम्या ढोलींची नोंद आपल्या कोणत्या रकान्यात आहे?

आणखी एक गंमत पाहा. करारात ज्याचे नाव नाही, त्या प्राण्याला ही नोंदणीही लागू नाही. ऑस्ट्रेलियाकडची शुगर ग्लायडर ही रात्री झाडांवरून तरंगत फिरणारी चिमुकली जात त्यांतलीच. म्हणजे कायदा विचारतो तो व्यापाराचा प्रश्न. घरात हा जीव नीट जगेल काय, हे कोणी विचारीतच नाही.

उपाय अवघड नाही. जे पाळण्याजोगे आहेत तेवढ्यांची यादी करावी, बाकी सारे निषिद्ध. बेल्जियमने सस्तन प्राण्यांपुरता हा मार्ग केव्हाच पत्करला. पुरावा धन्याने द्यावा. पोपटाला तो देता येत नाही. तो शिकवलेलेच बोलतो. आपल्या कायद्याने तरी पढतपोपट होऊ नये!