रस्त्यावरचे कुत्रे, घरातला सोबती

कुत्रा पाळायचा तो राखणीसाठी, आणि पाळलाच तर चांगल्या जातीचा, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे शहागडच्या हमरस्त्यावर जखमी होऊन पडलेले गावठी पिल्लू आम्ही घरी आणले, तेव्हा ‘डॉक्टर, असली बेवारशी जनावरं घरात कशाला?’ असे अनेकांनी विचारले. मोत्याला आमच्याकडे येऊन आता सहा वर्षे झाली. अशा कुत्र्याला घरात जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात भूतदया आहेच, पण आपल्या प्रकृतीचाही लाभ आहे.

मधुमेह, रक्तदाब असलेल्यांना मी रोज चालायला सांगतो. चार दिवस उत्साह टिकतो, मग कंटाळा येतो. कुत्रा मात्र सुट्टी देत नाही. पहाटे मोत्या दाराशी उभा राहिला की गोदाकाठापर्यंतची फेरी चुकत नाही. कुत्रा पाळणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका कमी असण्याची शक्यता अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2013 साली नोंदवली आहे. मनाला मिळणारा आधार वेगळाच. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेली की घरे सुनी होतात. मोत्याला सर्वांत कडक विरोध माझ्या आईचा होता. आता तव्यावरची पहिली भाकरी त्याची असते, आणि दिवसभर तिचे बोलणे ऐकणाराही तोच.

‘पण पिसाळला तर?’ ही भीती रास्त आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसाला हा रोग बहुतांशी कुत्र्यापासूनच होतो. म्हणूनच कुत्र्याला लस टोचणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचून घ्यावी. जंताचे औषध वेळेवर द्यावे, गोचीड काढाव्यात, नसबंदी करून घ्यावी.

कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काहीही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि इंजेक्शनांचा क्रम पूर्ण करावा. घरचा कुत्रा असला तरी हयगय नको.

खाण्याबाबतही थोडे सांगतो. कांदा घातलेली भाजी-आमटी आणि द्राक्षे कुत्र्याला अपायकारक असतात. दुधाने पुष्कळ कुत्र्यांना जुलाब होतात. भाकरी, अंडे, भात आणि भरपूर स्वच्छ पाणी द्यावे. गावठी कुत्रा आपल्या उन्हाला सरावलेला असतो, त्याचा खर्चही बेताचा असतो.

मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी असल्याचे केंद्राच्या 2023 च्या नियमांत म्हटले आहे. त्याचा पाठपुरावा गावाने करावा. दगड मारून कुत्री कमी होत नाहीत, उलट भेदरलेले कुत्रे लवकर चावते.

याच गोदावरीच्या काठच्या, वरच्या पैठणच्या नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगेचे पाणी पाजल्याची कथा आपण कीर्तनात भक्तिभावाने ऐकतो. आपल्या दाराशी आलेल्या मुक्या जिवाला निदान एक भाकरी आणि एक लस एवढे तरी आपण देऊ शकतो. ज्यांच्या अंगणात जागा आहे, त्यांनी याचा जरूर विचार करावा.