छंदाला सोबत हवी

दवाखान्यात येणाऱ्या काही रुग्णांचे दुखणे कागदावर सापडत नाही. रक्तदाब ठीक, कार्डिओग्राम ठीक, साखर आटोक्यात. तरी झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही. यांत नुकतेच सेवानिवृत्त झालेले असतात, मुले शिकायला पुण्या-मुंबईला गेल्यावर रिकाम्या घरात उरलेल्या गृहिणी असतात, बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारे तरुण नोकरदारही असतात. तपासण्या नॉर्मल आल्या की मी एक प्रश्न विचारतो. ‘गेल्या आठ दिवसांत दुखणे, पैसा आणि राजकारण सोडून दुसऱ्या कशाबद्दल कोणाशी मनापासून बोललात?’ बहुतेकांना उत्तरासाठी बराच वेळ थांबावे लागते.

एकटेपणा म्हणजे मनाचे चोचले, त्याचा शरीराशी काय संबंध, असे आपल्याकडे अजूनही समजतात. हा समज आता सोडून द्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास आहे आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध असावा, असा अंदाज आहे. ब्रिटनने तर २०१८ साली या प्रश्नासाठी एका मंत्र्याकडे स्वतंत्र जबाबदारी सोपवली.

शरीरात घडते ते असे. एकटा पडलेला माणूस आतून सतत सावध राहतो. ताण वाढवणारी संप्रेरके जास्त स्रवतात, झोप तुटक होते, रक्तदाब चढू लागतो. शिवाय ‘आज फिरायला आला नाहीत?’, ‘गोळी घेतली का?’ असे टोकणारे कोणी नसते. मग पथ्य सुटते, व्यायाम सुटतो आणि जुने दुखणे डोके वर काढते.

यावर ‘लोकांत मिसळा’ असा सल्ला देणे सोपे आहे. पण भिडस्त माणसाने लोकांत जाऊन बोलायचे काय? इथे छंद उपयोगी पडतो. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस जुन्या नाण्यांचा विषय निघाला की अर्धा तास थांबत नाही. एकच कादंबरी वाचलेल्या दोन बायका नायिकेने घर सोडले ते बरोबर की चूक यावर वाद घालतात, तेव्हा ओळख करून देण्याची गरज उरत नाही. त्यात मेंदूलाही काम मिळते. वाचलेले दुसऱ्याला सांगायचे म्हणजे ते आठवावे लागते, शब्द जुळवावे लागतात, समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते.

याला संशोधनाचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांवर सुमारे १४ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दर काही महिन्यांनी का होईना, नाटक, मैफल किंवा चित्रप्रदर्शनाला जाणाऱ्यांत त्या काळातील मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. २०२३ साली १६ देशांतील ज्येष्ठांच्या माहितीवरून असे दिसले की, छंद असणाऱ्यांत उदासीनतेची लक्षणे कमी आणि समाधान जास्त असते. अर्थात नाटक पाहिल्याने आयुष्य वाढते, असे यावरून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणूसच घराबाहेर जास्त पडतो. पण ज्या उपायाला खर्च नाही आणि दुष्परिणाम नाहीत, तो करून पाहायला हरकत कसली?

काही वाचक म्हणतील, ‘आमचा छंद आमच्यापुरता बरा. लोक हसतात.’ खरे आहे, लोक हसतात. पोस्टाची तिकिटे, निवडुंगाच्या कुंड्या, काडेपेट्यांची चित्रे जमवणाऱ्याला आपण सहज रिकामटेकडा ठरवतो. पुण्यातील राजा केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा घरगुती वस्तू जन्मभर गोळा केल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह राज्य शासनाला दिला. आज शाळकरी मुलांच्या सहली तिथे जातात. प्रत्येकाच्या छंदाचे संग्रहालय होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण त्याने कपाट उघडून चार जणांना ते दाखवावे आणि चौघांनी न हसता पाहावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

गावात हे सुरू करायला सभागृह लागत नाही, उद्‌घाटकही लागत नाही. वाचनालयाचा ओटा, देवळाचा मंडप किंवा कोणाची ओसरी पुरते. आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवावा. एकाने कादंबरीबद्दल सांगावे, दुसऱ्याने स्वतः काढलेले चित्र दाखवावे, तिसरीने भरतकाम आणावे. दिवाळी अंकांची तर भिशीच करावी. दहा घरांनी एकेक वेगळा अंक विकत घ्यावा आणि दर दहा दिवसांनी तो पुढच्या घरी द्यावा. एका अंकाच्या पैशात दहा अंक वाचून होतात आणि अंक द्यायच्या निमित्ताने दहा दारे उघडतात.

पथ्ये थोडीच आहेत. कोणाची टिंगल करू नये. एकट्यानेच तासभर भाषण ठोकू नये. नवख्याला आधी बोलू द्यावे. ज्याला कमी ऐकू येते त्याला पुढे बसवावे आणि गुडघेदुखीवाल्यासाठी खुर्ची ठेवावी. चहा बिनसाखरेचाही असावा.

एक इशारा मात्र द्यायला हवा. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. अशा वेळी छंदावर भिस्त न ठेवता डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. घरच्यांनीही अशा माणसाला ‘एखादा छंद लावून घे’ म्हणून वाटेला लावू नये.

बाकीच्यांनी या आठवड्यात एवढेच करावे. घरातले आवडते पुस्तक काढावे आणि बोलणे कमी झालेल्या एखाद्या शेजाऱ्याला नेऊन द्यावे. परत करण्याची मुदत घालू नये. अट एकच ठेवावी : पुस्तक परत आणताना पाच मिनिटे बसून ते कसे वाटले ते सांगायचे.