चष्म्यातले आकाश

सप्तर्षी तुम्ही ओळखता. पण हे सात ऋषी एका पंक्तीला बसलेले नाहीत, हे ठाऊक आहे का? मधले पाच तारे आपल्यापासून साधारण ८० प्रकाशवर्षांवर आहेत. शेपटाच्या टोकाचा मरीची १०४, तर क्रतू १२३ प्रकाशवर्षे दूर! कागदावरच्या नकाशात ही खोली हरवते. आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढवला, की ती दिसू लागते. बाजूला जाऊन पाहिले, तर तो ओळखीचा पतंग पार विस्कटून जातो.

असा नकाशा करण्याची सामग्री आज कोणालाही फुकट मिळते. युरोपच्या ‘गाया’ यानाने २०१४ ते २०२५ या काळात सुमारे २०० कोटी ताऱ्यांची नोंद केली. त्यातून आपल्या शेजारच्या, म्हणजे ३२६ प्रकाशवर्षांच्या आतल्या, ३,३१,३१२ ज्योतींची सूची २०२१ मध्ये निघाली. असे नकाशे शाळेत जरूर यावेत. मात्र नकाशा कुठे खोटे बोलतो, हे मुलांना आधी सांगितले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोटे कसे? आपल्या दोन डोळ्यांत अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडे जाते, म्हणजे जणू ३० कोटी किलोमीटर अंतरावरचे दोन डोळे! तरीही सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा किती सरकलेला दिसतो? १.३ किलोमीटरवरून १ सेंटिमीटरचा मणी जेवढा दिसेल, तेवढाच. या सरकण्यावरूनच (त्याला पराशय म्हणतात) गायाने अंतरे काढली. चष्म्यात मात्र तारे पुढे-मागे सहज दिसतात, कारण संगणक तुमचे डोळे कित्येक अब्ज किलोमीटर फाकवतो. ही युक्ती उत्तम आहे, पण ती युक्ती आहे.

दुसरी गोष्ट तेजाची. आपले बहुसंख्य शेजारी लाल बटू तारे आहेत. त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, अगदी सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमासुद्धा नाही. नकाशात ते उजळावेच लागतात. नाहीतर व्याधासारखे चार बडे तारे तेवढे दिसायचे! म्हणून ‘उजळलेले’ आणि ‘खरे’ अशा दोन्ही रूपांत पाहण्याची कळ प्रत्येक नकाशात हवी.

शिक्षकांना एक विनंती. चष्मा येईल तेव्हा येईल, तोवर दोरा आणि मणी घ्या. पुठ्ठ्याला छिद्र पाडून ते खिडकीशी टांगा. एका प्रकाशवर्षाला एक सेंटिमीटर धरून छिद्रापासून ८० सेंटिमीटरवर पाच मणी, १०४ वर मरीची आणि १२३ वर क्रतू लटकवा. छिद्रातून पाहत मणी सरकवून सप्तर्षी जुळवा. मग मुलांना बाजूला नेऊन तोच देखावा दाखवा. छिद्राच्या मागल्या अंगाला, सव्वाचार सेंटिमीटरवर, एक बारीक लाल मणी प्रॉक्झिमाचाही राहू द्या.